छोट्या ट्रॅक्टरला फ्लेल मोवर लावण्याआधी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन-तीन हंगाम पुढे ढकललेली अवजाराची खरेदी अनेक घरांत पुन्हा बोलण्यात आली असेल. सोलापूर जिल्ह्यात त्या यादीत एक यंत्र हमखास असतं. बागेतलं गवत, द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या किंवा उसाचं पाचट जागेवरच बारीक करणारं हे यंत्र मल्चर, श्रेडर, कुट्टी मशीन अशा नावांनी विकलं जातं. माहितीपत्रकात बहुधा फ्लेल मोवर लिहिलेलं असतं. गोंधळ नावांपाशी संपत नाही. किती फुटांचं घ्यायचं, पाती कोणती, आपला २० किंवा २४ एचपीचा ट्रॅक्टर ते ओढेल का, हे दुकानात क्वचितच नीट सांगितलं जातं. चुकीचं यंत्र घरी आलं की ते शेडमध्ये पडून राहतं आणि शेतात काड्या-पाचट पुन्हा पेटवून दिलं जातं. म्हणून निवड नीट व्हायला हवी.

यंत्र नेमकं काय करतं

यंत्राच्या पोटात एक आडवा जाड पाइप असतो. त्याला रोटर म्हणतात. रोटरवर ओळीने लहान लहान पाती लटकवलेली असतात. ही पाती घट्ट आवळलेली नसतात, बोल्टवर मोकळी झुलतात. ज्वारीच्या माळ्यावरून पाखरं राखताना गोफण जशी फिरते, तसंच हे काम आहे. हातात धरलेली गोफण लुळी असते आणि गरगर फिरवली की दोरी ताठ होते. रोटर वेगात फिरला की पाती अशीच ताठ उभी राहतात आणि समोर येईल ते तोडतात. मध्ये दगड आला तर पातं मागे दुमडतं आणि पुढच्या फेरीत पुन्हा ताठ होतं.

पात्याची सगळी ताकद वेगातून येते. ट्रॅक्टरच्या मागचा जो दांडा अवजाराला फिरवतो त्याला पीटीओ म्हणतात आणि तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. यंत्राचा गिअरबॉक्स आणि बेल्ट ते फेरे वाढवून रोटरला साधारण २००० पर्यंत नेतात. पात्याच्या टोकापर्यंत रोटरचा व्यास ४० सेंमी धरला तर टोकाचा वेग ताशी सुमारे १५० किमी येतो. इंजिन मंद ठेवून पीटीओचा वेग पाऊणपट केला, तर पात्याचा मारा जवळपास निम्मा होतो, कारण मारा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ‘डिझेल वाचवायला अ‍ॅक्सिलरेटर कमी ठेवतो’ म्हणणाऱ्यांचं गवत तुटत नाही, पिंजलं जातं. मग त्याच जागेवरून दोनदा फिरावं लागतं आणि डिझेल उलट जास्त जातं.

रोटाव्हेटर असताना हे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. रोटाव्हेटरची पाती घट्ट बोल्टने बसवलेली असतात, मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांनी फिरतात आणि त्यांचं काम मातीत असतं. फ्लेल मोवरचं काम मातीच्या वर असतं. रोटाव्हेटर गवत मातीत घालतो, सोबत वरच्या थरातली झाडाची पांढरी मुळंही तोडतो आणि जमीन उघडी टाकतो. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या आणि उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या भागात उघडी जमीन म्हणजे वाया गेलेली ओल. फ्लेल मोवर मुळं जागेवर ठेवतो आणि चुरा वर पसरतो. मुळं माती धरून ठेवतात, चुरा सावली करतो.

अर्थात नवी लागवड करायची असेल, बेड करायचे असतील, तर रोटाव्हेटरच लागेल.

स्लॅशर हा तिसरा पर्याय. त्यात एक मोठं आडवं पातं पंख्यासारखं फिरतं. तो स्वस्त असतो आणि उंच गवतात झपाट्याने चालतो, पण तुकडे लांब ठेवतो, चुरा एका बाजूला ओळीने टाकतो आणि दगड लांब भिरकावतो. पडीक माळासाठी ठीक. बागेत नको.

आधी ठरवा, कापायचं काय

पाती मुख्यतः दोन प्रकारची. इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसणारी पातळ जोडपाती गवताला छान. ती हलकी असतात, कमी ताकदीत स्वच्छ कापतात. दुसरी हातोडा पाती, म्हणजे रुंद तोंडाचे जड ओतीव तुकडे. ती काड्या आणि पाचट ठेचून फोडतात, गवतही कापतात, पण ताकद जास्त घेतात. वाय पात्यांनी काडी मारली की पाती वाकतात आणि लवकर बोथट होतात. वर्षात बहुतेक काम गवताचं आणि थोडं काड्यांचं असेल, तर वाय पाती ठेवून काड्या दोन फेऱ्यांत कराव्यात. काड्या किंवा पाचट हेच मुख्य काम असेल तर हातोडाच घ्यावा.

द्राक्षबागेत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्या दोन ओळींच्या मध्ये सारख्या पसरवा. ढीग करून त्यावरून यंत्र नेलं तर रोटर गुदमरतो. काड्या दोन-तीन दिवस सुकू द्याव्यात. अगदी ओली काडी चिवट असते, सोलली जाते आणि तिचे धागे रोटरला गुंडाळतात. फार वाळलेली काडी मात्र टणक होते, म्हणून महिनाभर थांबू नये. अंगठ्यापेक्षा जाड, म्हणजे साधारण २ सेंमीच्या वरचे ओलांडे (वेलीचे जुने आडवे हात) आणि खोडाचे तुकडे आधी वेचून काढावेत. २०-२४ एचपीच्या ट्रॅक्टरमागे यापेक्षा जाड लाकूड घालू नये.

डाळिंबाच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. तेल्या, मर किंवा खोडाला भोकं पाडणारी अळी असलेल्या फांद्यांची कुट्टी बागेत कधीही करू नये. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. रोगट फांदीचा चुरा बागभर उडवणं म्हणजे रोग आपल्याच हाताने ओळीओळीत वाटणं. मर रोगाची बुरशी जमिनीतून पसरते, तिचंही तेच. अशा फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करायच्या. निरोगी बागेची छाटणी मात्र जरूर बारीक करा. काटेरी फांद्यांनी टायर पंक्चर होण्याचा आणि मजुरांच्या पायात काटे जाण्याचा त्रास बराच कमी होतो. डाळिंबाचा घेर जमिनीकडे झुकलेला असतो, त्यामुळे यंत्र ट्रॅक्टरच्या मध्यापासून एका बाजूला सरकवता येणारं, म्हणजे साइड शिफ्टचं असेल तर फांद्यांखाली पोचतं आणि ट्रॅक्टर मोकळ्या जागेतून चालतो.

उसाचं पाचट हे सगळ्यात जड काम. हेक्टरी १० टन पाचट धरलं तर प्रत्येक चौरस मीटरवर १ किलो येतं. ४ फुटी यंत्र ताशी ३ किमीने चाललं तर त्याच्या पोटातून तासाला साडेतीन टनांहून जास्त पाचट जायला हवं. छोटा ट्रॅक्टर एवढं पेलत नाही. ताशी दीड किमीपर्यंत खाली यावं लागतं, आणि पाचट एकाआड एक सरीत ओढलेलं असेल तर त्याहूनही हळू. उसाचं क्षेत्र पाच-सहा एकरांपेक्षा जास्त असेल, तर ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरवरची पाचट कुट्टी भाड्याने करून घेणं हाच शहाणपणा आहे. छोट्या यंत्राला द्राक्ष, डाळिंब, सीताफळ, बोर यांची बाग द्या. तिथे ते वर्षानुवर्षं चांगलं चालतं.

किती फुटांचं घ्यायचं?

इंजिनवर लिहिलेली एचपी पीटीओला पूर्ण पोचत नाही. साधारण ८५ टक्के पोचते असं धरा. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर सुमारे २० एचपी मिळतात, १८ च्या ट्रॅक्टरला १५. गवतासाठी यंत्राच्या प्रत्येक फुटाला पीटीओची ५ एचपी आणि काड्या-पाचटासाठी ६ ते ७ एचपी, असा हिशेब ठेवावा. त्यानुसार २४ एचपीला गवतात ४ फूट चालेल आणि काड्यांत सव्वातीन. दोन्ही कामं असतील तर साडेतीन फुटी घ्यावं. १८ एचपीला ३ फुटी.

विक्रेता मोठं यंत्र दाखवतो आणि ‘चालतंय की’ म्हणतो. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ते चालतंच. छाटणीनंतरच्या काड्यांत मात्र इंजिन दबतं, फेरे पडतात, पाती लुळी होतात आणि बेल्ट घसरून जळतो.

खालची मर्यादा ट्रॅक्टरची चाकं ठरवतात. यंत्र निदान मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढं रुंद हवं. तेवढं नसेल तर चाकाखाली दबलेल्या गवताचे पट्टे तसेच राहतात. अरुंद द्राक्षबागेसाठीचे ट्रॅक्टर तीन-साडेतीन फुटांचे असल्यामुळे हे जमून जातं.

वेळेचा हिशेबही करून ठेवा. ४ फुटी, म्हणजे १.२ मीटर रुंद यंत्र ताशी ३ किमीने तासाला ३६०० चौरस मीटर झाकतं. वळणं आणि एकमेकांवर येणारे पट्टे यात ३० टक्के गेले की उरतात २५०० च्या आसपास. एकराला साधारण दीड तास, थोडा जास्तच. पूर्ण भारावर २४ एचपीचं इंजिन तासाला चार-साडेचार लिटर डिझेल घेऊ शकतं, हलक्या गवतात कमी.

उचलेल, पण पुढचं चाक जमिनीवर राहील का?

चार फुटी फ्लेल मोवर २०० किलोच्या वर जातो. मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट एवढं वजन उचलते, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण वजन मागे लोंबल्यावर पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. यंत्र पूर्ण उचलून बांधावरून हळू चालवून पाहा. पुढची चाकं उड्या मारत असतील तर पुढे लोखंडी वजनं लावल्याशिवाय काम सुरू करू नका. एकूण वजनाच्या निदान पाचव्या हिश्शाइतका भार पुढच्या चाकांवर राहायला हवा.

जोडणीत आणखी दोन मापं तपासायची. छोट्या ट्रॅक्टरची तीन टोकांची जोडणी बहुधा कॅटेगरी १ असते: खालच्या पिना २२ मिमी, वरची १९ मिमी. पीटीओ दांडा ६ खाचांचा, ३५ मिमीचा. काही मिनी ट्रॅक्टरना पीटीओचे दोन वेग असतात. यंत्र ५४० साठी बनलेलं असेल तर लिव्हर ५४० वरच हवा. चुकून जास्त वेगावर लावलं तर रोटर मर्यादेबाहेर फिरतो आणि बेअरिंग, प्रसंगी रोटरच फुटतो.

शाफ्ट आणि क्लच

ट्रॅक्टर आणि यंत्राला जोडणारा पीटीओ शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. नवा शाफ्ट बहुधा लांब येतो आणि तो तसाच लावला तर यंत्र उचलताना दोन्हीकडे ठोसतो. ट्रॅक्टरची पीटीओ केसिंग फुटण्याचं हे नेहमीचं कारण. इंजिन बंद ठेवून लिफ्ट वरपासून खालपर्यंत न्या आणि अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. त्या जागी शाफ्टचे दोन्ही अर्धे शेजारी धरून, २-३ सेंमी मोकळीक राहील अशा बेताने दोन्ही नळ्या आणि त्यांवरची प्लास्टिकची कव्हरं सारखीच कापा. टोकं कानशीने घासा, ग्रीस लावा. कामाच्या स्थितीत नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश शिरलेल्या असाव्यात. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत बसवा. ते आडवेतिडवे बसले तर कितीही ग्रीस घातलं तरी यंत्र थरथरतं.

आता क्लच. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना एकच क्लच असतो. क्लच दाबला तरी फिरणारा जड रोटर स्वतःच्या जोराने पीटीओ फिरवत राहतो आणि त्यातून चाकंही फिरतात. ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी काही फूट पुढे जातो. ओळीच्या शेवटी समोर तारेचा खांब किंवा विहिरीचा काठ असेल तर हे जिवावर बेतू शकतं. यावर उपाय ओव्हररनिंग क्लच. तो ताकद एकाच दिशेने जाऊ देतो. काही यंत्रांच्या गिअरबॉक्समध्येच तो असतो, नसेल तर पीटीओ दांड्यावर वेगळा बसवता येतो. एक क्लचच्या ट्रॅक्टरला हा असलाच पाहिजे.

शेतात उतरल्यावर

आधी पायी फिरून दगड, तार, सुतळी, बांबू, मल्चिंग पेपरचे तुकडे वेचा. सांगोल्याकडच्या मुरमाड बागांत हे काम जास्त चिकाटीने करावं लागतं. उंची मागच्या रोलरच्या भोकांनी लावतात. सपाट काळ्या जमिनीत पाती मातीपासून दोन इंच वर, दगडाळ जमिनीत तीन इंच. पाती मातीत घासू देऊ नका. मातीत शिरलेलं पातं एका दिवसात इतकं झिजतं की महिनाभराचं काम वाया जातं, आणि उडालेली धूळ बेअरिंगमध्ये जाते. पावसानंतर काळी जमीन वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, येईपर्यंत सोडून द्या, नाहीतर रोलरला चिखलाचे थर बसतात आणि उंचीचा हिशेब बिघडतो.

यंत्र जमिनीलगत आणून इंजिन मंद असताना पीटीओ जोडा, मग फेरे हळूहळू ५४० पर्यंत न्या आणि मगच पुढे जा. गवतात ताशी ३ ते ४ किमी, काड्यांत २. आवाज दबला की अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका, खालचा गिअर घ्या. वळताना यंत्र थोडंच उचला. पूर्ण उचलायचं तर आधी पीटीओ बंद करा, कारण शाफ्टचा कोन वाढला की त्याचे सांधे तुटतात. मार्च ते मेमध्ये तासातासाला थांबून रेडिएटरच्या जाळीवरचा आणि गिअरबॉक्सवरचा भुसा झटका. छोट्या इंजिनाची जाळी लवकर बुजते, आणि गरम सायलेन्सरवर सुकलेला भुसा पेटतो.

पीटीओ बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो. आवाज पूर्ण थांबल्याशिवाय, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय यंत्राखाली हात घालायचा नाही. मागची रबरी किंवा साखळीची झालर काढून चालवू नका. दगड अडवायला तीच असते. आजूबाजूची माणसं निदान ५० मीटर लांब ठेवा. शाफ्टवरचं प्लास्टिक कव्हर तुटलं की त्याच दिवशी बदला. साडीचा पदर, उपरणं, सैल बाही फिरत्या शाफ्टमध्ये ओढली जाते तेव्हा सोडवायला वेळच मिळत नाही. बागेत बाया काम करत असताना हे यंत्र चालवूच नये, त्यांना त्या दिवशी दुसऱ्या टोकाला काम द्यावं.

ठिबकच्या नळ्यांचं काय?

द्राक्षात नळ्या तारेला दीड फुटावर टांगलेल्या असतात, तिथे अडचण नाही. डाळिंबात त्या बेडवर पडलेल्या असतात आणि उन्हात लांबून वळवळत ओळीबाहेर येतात. यंत्र चालवण्याआधी त्या बेडवर खुंट्यांनी पक्क्या करा आणि बेडपासून एक फूट लांब राहा. बेडवरचं गवत हातानेच काढावं लागेल, ते फ्लेल मोवरचं काम नाही. उसात पृष्ठभागावरच्या नळ्या आधी गुंडाळून घ्याव्या लागतात. नळी किंवा सुतळी रोटरला गुंडाळलीच तर यंत्र बंद करून ती कापून काढा आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगचे सील बघा. सीलमध्ये शिरलेला सुतळीचा धागा तसाच राहिला तर बेअरिंग लवकरच जातं.

थरथर सुरू झाली की थांबा

रोटरच्या टोकाचा वेग पाहिला तर एक पातं तुटून पडल्यावर तोल किती बिघडतो हे कळतं. नवी थरथर जाणवली की काम थांबवून पाती मोजा. पडलेल्या पात्याच्या जागी नवं बसवताना त्याच्या बरोबर समोरचंही बदला, कारण जुनं पातं झिजून हलकं झालेलं असतं. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ताकदीचा आणि लॉक नटसह हवा. बाजारातला साधा बोल्ट काही तासांत कापला जातो. बसवल्यावर पातं बोटाने हलवून बघा. ते मोकळं झुललंच पाहिजे. अनेक मिस्तरी सवयीने घट्ट आवळतात आणि मग पहिल्याच दगडाला पातं मोडतं.

रोटरच्या बेअरिंगला आणि शाफ्टच्या सांध्यांना दर आठ तासांनी ग्रीस द्या. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल, पहिल्या ५० तासांनंतर बदलायचं, नंतर वर्षातून एकदा. नवे बेल्ट पहिल्या काही तासांत ताणले जातात. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ सेंमी दबतील इतके कसा. एक बेल्ट गेला तर सगळे एकदम बदला. जुना आणि नवा एकत्र लावला तर सगळा भार नव्यावर येतो.

‘चुऱ्याने वाळवी होते, पीक पिवळं पडतं’

पीक पिवळं पडतं हे खरं आहे, पण त्याचं कारण ठाऊक असेल तर ते टाळता येतं. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र जमिनीतून घेतात आणि काही आठवडे पिकाला कमी पडतं. म्हणून शिफारस अशी आहे की दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू द्यायचे. एकरी ४ टन पाचट असेल तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो जिवाणू. खत पसरून लगेच पाणी द्यावं, कोरड्या चुऱ्यात जिवाणू काम करत नाहीत. वाळवी कोरड्या, न हललेल्या ढिगात जमते. बारीक चुरा ओलसर राहिला तर तो वाळवीला फार काळ पुरत नाही. खोडापासून मात्र चुरा वीतभर लांब ठेवा.

खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून पुन्हा वाढणाऱ्या पिकात, कुट्टी तोडणीनंतर पहिल्या आठवड्यात, फुटवे वर येण्याआधी उरकावी. बुडखे, म्हणजे तोडणीनंतर उरलेले बुंधे, मात्र फ्लेल मोवरने छाटू नयेत. तो बुडखा चिंबतो, चिरा पडतात आणि बुरशी शिरते. आधी पाचटाची कुट्टी, मग धारदार कोयत्याने किंवा बुडखे छाटणीच्या यंत्राने जमिनीलगत छाट.

खरेदीच्या दिवशी

अनुदान हवं असेल तर राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. यंत्र ताब्यात घेताना आपल्याच ट्रॅक्टरला जोडून पंधरा मिनिटं रिकामं पूर्ण फेऱ्यांवर चालवायला सांगा. नंतर इंजिन बंद करून, रोटर पूर्ण थांबल्यावर दोन्ही बेअरिंगना हात लावा. कोमट असतील तर ठीक, हात ठेववत नसेल तर यंत्र परत करा. पाती, बोल्ट आणि बेल्ट सोलापूर, पंढरपूर किंवा बार्शीत मिळतात का हे विचारा. पात्यांचा एक पूर्ण संच, बोल्ट आणि बेल्टची एक जोडी त्याच बिलावर घेऊन ठेवा, कारण पाती छाटणीच्या ऐन घाईतच तुटतात आणि तेव्हा दुकानातही ती संपलेली असतात.